बस्त्यावला टॅग करणाऱ्यांसाठी

माझा नवरा भित्रा होता.

थोडाथोडका नाही, गावभर नाव काढलं होतं त्याने.

कसालला त्याचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. दिवसभर करंटशी खेळणारा माणूस, पण घरात पाल दिसली की खुर्चीवर उभा.

आणि हा भुताच्या सिनेमांचा फॅन. त्यातही त्या खाडीतल्या बाईच्या सिनेमांचा. तिन्ही भाग पाठ. फॅन ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त बडबड त्याचीच.

त्याला जाऊन आज वर्ष झालं.

सकाळी चर्चमध्ये त्याच्या नावाने मिस्सा झाली. घरी येऊन त्याचा फोन हातात घेतला, तर टॅगवर टॅग.

तो गेल्याचं ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नाही.

तो असताना एका मोठ्या थीम पार्कने जाहीर केलं होतं की या सिनेमांवर राइड बनवणार. काळोखातली खाडी, त्यात होडी, आणि पाण्यातून त्या बाईचा हात येऊन तुमचा पाय धरणार. आज त्यांनी पहिले फोटो टाकलेत.

जाहीर झालं तेव्हा ग्रुप नुसता पेटला होता. कुणाला हात बर्फासारखा थंड हवा. कुणाला पहिल्या भागातलीच बाई हवी, तिसऱ्यातलीचा मेकअप फसलाय म्हणे. दोघांची त्यावरून एवढी जुंपली की अ‍ॅडमिनने दोघांनाही काढलं.

आमच्या बस्त्यावने लिहिलं, "हात लावच्या आधी सांगा रे. मगे मी बसतंय."

लोळले सगळे हसून. तेव्हापासून तो ग्रुपचा लाडका. बस्त्यावला पहिल्या सीटवर बसवायचं हे ठरूनच गेलं.

थिएटरमध्ये तो पडदा बघायचाच नाही. डोळे गच्च मिटून मान माझ्या खांद्यात.

"गेली काय गो ती?"

"गेली."

डोळे उघडायचा, तर ती समोरच. त्याच्या किंकाळीने मागच्या रांगेतली माणसं जास्त घाबरायची.

"रोझी, तू बायको नाय, वैरीण आसस."

आणि पुढचा भाग आला की तिकिटं काढायला हाच पुढे.

माझं माहेर तोंडवलीचं, खाडी मागच्या दाराशी. पहिला भाग बघितल्यावर दिवेलागण झाली की हा त्या दाराकडे फिरकायचा नाही. बाबा विचारायचे, "जावय खंय गेलो?" आई आतून सांगायची, "खाटीर पाय वर घेवन बसलेलो आसा."

मग त्याला जिना चढताना धाप लागायला लागली.

डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशनशिवाय इलाज नाही.

ग्रुपवर त्याने यातलं काही सांगितलं नाही. एक दिवस फक्त विचारलं, "हार्ट पेशंटांका राइडमध्ये सोडतत काय?"

खाली हसण्याचे इमोजी. 'बस्त्याव, निमित्त नको काढू.' 'डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन ये.'

माझं डोकं फिरलं. म्हटलं, सांग त्यांना खरं काय ते.

"नको गो. घरात सगळे माझ्याकडे बघून रडतत. हयसर तरी हसांदेत माका."

त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी तो पोटभर जेवला. त्यामुळे तेव्हा जे हसले त्यांनी आता वाईट वाटून घेऊ नका. मी मनापासून सांगतेय.

माणूस गेला की लोक लिहितात, शेवटपर्यंत धीराने लढला. मी तसं लिहिणार नाही.

तो घाबरला होता. खूप घाबरला होता.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. त्याने माझी बोटं एवढी आवळून धरली होती की दुखत होती.

"रोझी, माका भीती वाटता."

इतके दिवस मी खंबीर. डॉक्टरांशी बोलायचं मी, सह्या करायच्या मी, त्याला दटावायचं मी. तेव्हाही म्हणणार होते की काही होत नाही तुला.

तोंडातून निघालं, "माका पण."



"तुका पण? कधी सांगलंस नाय ता?"



तो थोडा हसला. "मगे बरा," म्हणाला.

आत नेलं त्याला. ऑपरेशन झालं, पण तो शुद्धीवर आलाच नाही.

वर्षभर मी या फोनला घाबरतेय. तरी रोज चार्ज करते. टिंग वाजलं की दचकते, आणि दिवसभर वाजलं नाही तर उचलून बघते.

सकाळी एकाने लिहिलंय, 'बस्त्याव, खंय मेलंस?'

आपल्याकडे असंच विचारतात, त्यात वाईट काही नाही. पण मी फोन उलटा करून ठेवला.

घरात तो नाही. दुकानाला कुलूप आहे. एका त्या ग्रुपमध्ये तो अजून आहे. तिथे त्याला हाका मारतात, शिव्या घालतात, त्याची सीट ठरवतात. मी हे लिहिलं की तिथूनही तो जाणार. दोन दिवस सगळे हात जोडतील आणि मग परत मेकअपवरून भांडतील. वर्षभर मला याचीच भीती वाटत होती.

पण आज ते फोटो बघून खाली कुणीतरी लिहिलं, 'बस्त्याव पळालो वाटता घाबरून.'

नाही हो. पळाला नाही तो. त्याला यायचं होतं.

म्हणून ही पोस्ट ग्रुपवरही टाकतेय. मी रोझी, बस्त्यावची बायको. बस्त्याव गेल्या वर्षी आजच्याच दिवशी वारला.

तुम्ही जा. होडीत बसा. मनसोक्त ओरडा.

अजून भीती वाटतेय. तरी टाकते.

जा रे बस्त्याव. घाबारलंस तरी जा.