रडार सोडून सनरूफ घेतलं

मंडळी, नवी इलेक्ट्रिक गाडी घेताना रडार आणि सनरूफ दोन्ही बजेटमध्ये बसत नव्हतं. मी सनरूफ घेतलं. माणूस दिसला की आपोआप ब्रेक लागायला रडार नसलं तरी नुसता कॅमेरा पुरेल म्हटलं.

आज सकाळी होळी नावाच्या आमच्या गावातल्या अरुंद रस्त्यावर शेजारच्या मालूमावशी डोक्यावर केळीच्या पानांचा भारा घेऊन समोरून आल्या. गाडीने ब्रेक मारलाच नाही. ऐनवेळी माझं लक्ष गेलं म्हणून मी दाबला. मावशी वाचल्या, भारा गटारात गेला.

पानं गोळा करताना मी म्हणालो, "पानांमुळे कॅमेऱ्याला तुम्ही दिसला नसाल."

"त्याला नसेन दिसली. पन तू कुठं बघत होतास?"

मी सनरूफचं बटण शोधत होतो. मला ते सांगवलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?