नाना आणि माझी आठवी

गिरणीत दळणाला नंबर लावून उभी होते, तेव्हा भावाचा फोन आला. गिरणीच्या घरघरीत काही ऐकू येईना. तीनदा 'काय, काय' केलं, तेव्हा तो ओरडून म्हणाला, "ताई, नाना गेले!" गिरणीवाल्यानं ते ऐकलं आणि आपणहून बटण बंद केलं. ब्याण्णव वर्षांचे वडील, वेळ झालीच होती. तरी मी पिठाच्या डब्यावर मटकन बसले.

दहाव्याला ओढ्याकाठी एवढी माणसं, की चपला काढायला जागा नाही. आमच्या नगर जिल्ह्यात दशक्रियेला भाषणं होतात, आणि बोलणारा गेलेल्या माणसापेक्षा स्वतःबद्दलच जास्त बोलतो, ते असो. पण त्या दिवशी जो उठला त्यानं एकच गोष्ट सांगितली. नानांनी जन्मात थोरल्या भावापुढं शब्द काढला नाही. भाऊ असावा तर असा! माणसं माना डोलवत होती. मी बायकांत बसले होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाहीये. पण तो शब्द न काढल्यानं कुणाचं काय गेलं, हेही कुणीतरी सांगायला नको का?

आमचं गाव कर्जतपासून दोन कोसांवर. घरात अठरा माणसं, आणि कारभार थोरल्या चुलत्यांचा, तात्यांचा. त्या काळी वडीलधारं माणूस समोर असताना बापानं स्वतःचं लेकरू उचलायचं नाही, त्याचे लाड करायचे नाहीत, त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही, असा रिवाज. चुलत भावंडं म्हणायची म्हणून मीही सख्ख्या बापाला 'नाना'च म्हणायचे. जत्रेत नानांच्या खांद्यावर तात्यांचा सुभाष, आणि मी मागून धुळीत, त्यांच्या धोतराचा सोगा धरून. कधी तात्यांच्या खांद्यावर मी असायचे, हेही कबूल करायला हवं. म्हणजे माया होती, नुसती अदलाबदल झालेली. मी कोणत्या इयत्तेत आहे असं नानांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी सुभाषची इयत्ता सांगितली असती... आम्ही एकाच वर्गात होतो म्हणून तेवढं जुळलं असतं.

सातवीला मी केंद्रात पहिली आले. सुभाष गुरुजींच्या कृपेनं कसाबसा पास. हे एकाहत्तर सालचं. आठवीसाठी कर्जतच्या हायस्कुलात जावं लागायचं आणि अर्जावर पालकाची सही लागायची. गुरुजी दोन अर्ज घेऊन घरी आले. तात्या बाजेवर, नाना खाली पायरीवर, आई दाराआड. रिवाजाप्रमाणं तात्या स्वतःच्या पोराबद्दल बोलेनात, तेव्हा नाना म्हणाले, "सुभाषला घालू की गुरुजी. मी नेतो त्याला." माझा जीव सुपाएवढा झाला. नाना बोलले! आता माझंही होणार. गुरुजींनी दुसरा अर्ज पुढं केला. "आणि ही? ही तर केंद्रात पहिली आहे." नाना जमिनीकडं बघत राहिले. तात्याही गप्प. गुरुजी चिडले. "अहो, हिचा बाप कोण?" तेव्हा नाना म्हणाले, "घरात थोरले हायेत." आणि तात्या म्हणाले, "बघू पुढल्या साली." संपलं!

जूनमध्ये नानांनी सुभाषला सायकलवर पुढं बसवून कर्जतला नेलं आणि पालक म्हणून सही केली. माझे वडील हायस्कुलाची पायरी चढले, पण माझ्यासाठी नाही. मी दोन दिवस जेवले नाही. आई म्हणाली, "अगं, पोटाला मारून कुनाला शाळा मिळती व्हय?" तिलाही बोलायची सोय नव्हती, ती चुलीशी बोलायची.

पुढल्या साली शाळा राहिली बाजूला, पाऊसच आला नाही. बाहत्तरचा दुष्काळ. तात्या गुरं घेऊन नदीकाठच्या पाहुण्यांकडं गेले आणि आई, नाना अन् मी तलावाच्या कामावर जायला लागलो. तिथं तात्या नव्हते आणि नाना एकदम वेगळेच झाले. खडी फोडता फोडता म्हणायचे, "सांग की गं, पुस्तकात काय हुतं ते." मी नद्या सांगायचे, लढाया सांगायचे, पाठ कविता म्हणायचे. ते हातोडा थांबवून ऐकायचे. मुकादम ओरडला की दोघंही हसायचो. एकदा त्यांनी मला चारचौघांत "सुमन" अशी हाक मारली, तेव्हा मी मान वर करून बघितलं, की ही कोण सुमन! मग धीर केला. "नाना, तात्यांना म्हना ना. औंदा तरी घाला मला." ते म्हणाले, "म्हनतो. तात्या येऊ दे, म्हनतोच."

तात्या आले. संध्याकाळी दोघं भाऊ शेजारी जेवायला बसायचे, मी रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी वाढायचे आणि कान टवकारून दाराशी उभी राहायचे. आज म्हणतील. आज नाही तर उद्या म्हणतील. नाना भाकरी कुस्करायचे, आमटी ओरपायचे आणि हात धुवायला उठायचे. जून आला नि गेला. त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

वीसेक वर्षांनी तात्यांना त्यांच्या शेवटच्या दुखण्यात भेटायला गेले. तोवर दोन लेकरांची आई होऊन, बाहेरून दहावी काढून मी अंगणवाडीत लागले होते, आणि तोंडही चालायला लागलं होतं. विचारलंच, मला आठवीला का नाही घातलं. तात्या उठून बसले. "पोरी, मी तर वाट बघत हुतो. पोराचं येगळं. भावाच्या पोरीला दोन कोस लांब धाडायचं, काय इपरीत झालं तर गाव मला काय म्हनलं असतं? तुझ्या बापानं एक शब्द टाकला असता, तर मी सोता सायकलीवर सोडलं असतं तुला." मी तशीच तडक नानांकडं गेले आणि सगळं सांगितलं. नाना म्हणाले, "मंग तात्यांनी तरी इचारायचं हुतं." आता काय बोलणार, कप्पाळ! हा म्हणे तो बोलेल, तो म्हणे हा बोलेल. दोघा भावांच्या अदबीत माझं शाळेचं वय निघून गेलं.

माझ्या पोरांच्या शाळेत मग मी इतक्या चकरा मारल्या, की शिपाई म्हणायचा, बाई, आता तुमचंच नाव घाला. आणि माझ्या मुलानं तर कहर केलाय. लेकीच्या शाळेचा प्रकल्प हाच करतो, चित्रं हाच चिकटवतो, बाईंच्या ग्रुपवर शंकाही हाच विचारतो. पोरगी आरामात. मला तेही पटत नाही, पण माझं ऐकतंय कोण! गेल्या दिवाळीत सगळे गावी होतो. त्यानं भर ओसरीत, नानांसमोर, लेकीला मांडीवर घेतलं आणि पाढे म्हणवून घ्यायला लागला. नानांनी आधी तोंड भिंतीकडं केलं. त्यांनाच लाज वाटली. मग हळूच वळले आणि पाढा संपेपर्यंत त्या बापलेकींकडं टक लावून बघत राहिले.

संध्याकाळी पोरं पांगल्यावर मी नानांजवळ बसले. आता तात्या नव्हते, कुणीच नव्हतं. म्हटलं, "नाना, खरं सांगा. मला शाळेत घालावं असं तुम्हाला वाटत होतं का? नसेल तर नाही म्हणा, मी काही बोलणार नाही." नाना म्हणाले, "लई वाटायचं."

देवा रे! नाही म्हणाले असते तर किती बरं झालं असतं. अडाणी माणूस, काळच तसा, असं म्हणून पन्नास वर्षं मी स्वतःची समजूत घातली होती. लई वाटत असूनही गप्प बसणाऱ्या माणसाचं काय करायचं? मी तरातरा उठून अंगणात गेले. दुसऱ्या दिवशी पाया पडले आणि नगरची एसटी धरली.

परवा महिना झाला म्हणून गावी गेले होते. ओसरीवर त्यांची बाज तशीच आहे. भावजयीनं तिथंच चहा आणून दिला. माणसं म्हणतात, रड, मोकळी हो. मला रडू येत नाही, राग येतो. आणि खरं सांगायचं तर तो आता एकट्या नानांवर नाही. दिवाळीतल्या त्या संध्याकाळी त्यांनी एवढं तोंड उघडलं होतं. मी नुसतं म्हणायचं होतं, नाना, कळलं मला. काही बोलले नाही मी.