साळवे सिस्टरांची मेथी

गेल्या महिन्यात, नऊ तारखेला, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी साळवे सिस्टर गेल्या. खोलीत आम्ही तिघं होतो: त्यांची बहीण, माझी पत्नी विमल आणि मी. रडलं कुणीच नाही. विमल सारखी घड्याळाकडे बघत होती. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही... लिहून तरी बघतो.

सिस्टर एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात होत्या आणि पंचवटीत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या. शहात्तर साली विमलला सातवा महिना होता. आदल्या वर्षी आमचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. या खेपेला ती बोलेनाशी झाली, रात्रभर जागी राहू लागली. मशेरीची डबी घेऊन मोरीपाशी बसली की उठायचीच नाही. मी कचेरीत आकडेमोड करणारा माणूस. कॅलेंडरवर टिंबं काढू लागलो. सोमवारी नऊ वेळा मशेरी, मंगळवारी अकरा वेळा. टिंबं वाढत गेली, तसा माझा आवाजही.

सिस्टर मात्र ड्यूटीवरून येताना रोज पाचच्या सुमारास यायच्या, हातात मेथीची जुडी. "विमल, चल गं, निवडू लाग. मला मेलीला दिसत नाही नीट." ओट्यावर वर्तमानपत्र पसरून दोघी तासभर बसायच्या. मशेरीबद्दल रागाचं एक अक्षर नाही. विमलनं डबी काढलीच तर म्हणायच्या, "लाव की. पण एवढ्या काड्या होऊ देत आधी." मला हे पटेना. एकटी बाई, रोज अख्खी जुडी खातं कोण? म्हणजे फुकटात भाजी निवडून घ्यायची सोय! एके दिवशी मी सांगून टाकलं, "सिस्टर, उद्यापासून येऊ नका. हिला आराम हवाय. आणि तुम्ही नर्स असून मशेरी चालवून घेता?" त्यांनी जुडी उचलली आणि गेल्या. त्याच संध्याकाळी मी डबी गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, फेकून आलो. दोन दिवस कॅलेंडर कोरं राहिलं. मी खुशीत होतो.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर दार सताड उघडं, विमल नाही. मी आधी नदीकडेच धावलो. का, ते माझं मलाच कळलं नाही... खरं तर कळत होतं. घाटाच्या पायऱ्या दोनदा उतरलो, दोनदा चढलो. भाजीबाजारातली एक बाई म्हणाली, "पोटुशी बाई ना? मघाशी जुडी घेऊन गेली की!" विमल सिस्टरांच्या कुलूप लावलेल्या दाराशी बसली होती, मांडीवर मेथी. थोड्या वेळानं सिस्टर आल्या. मी तोंड उघडलं.

"भाऊ, चपला काढा आणि बसा. देठ मोडता येतात ना?"

निवडता निवडता विमलनंच सांगितलं. रोज दुपारी तिला नदीत शिरावंसं वाटायचं, पण पाचला सिस्टर येणार म्हणून ती थांबायची. "मला का नाही बोललीस?" मी विचारलं.

"तुम्ही त्याचीही टिंबं काढली असती," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. "वेड्यांच्या डॉक्टरकडे?" माझी आई ओरडली. सिस्टर तिला म्हणाल्या, "ताप आला तर नेता ना, मावशी? तसंच हे." मशेरी एकदम नाही, एकेक वेळ कमी होत सुटली. सिस्टरांचं येणं मुलगी झाल्यावरही सुटलं नाही. ती आता सातवीत आहे.

सिस्टरांना मेथी आवडतच नव्हती, हे मला परवा त्यांच्या बहिणीकडून कळलं. निवडलेली भाजी शेजारी जायची, देठ गाईला. अशा किती पोरींच्या दारात त्या जुडी घेऊन गेल्या असतील? मी विचारलं. "ते तिनं कधी सांगितलं नाही," बहीण म्हणाली.

काल पाच वाजता विमलनं ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, जुडी सोडली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला परत झोप लागत नाहीये."

किती दिवस, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी चपला काढल्या आणि तिच्याजवळ बसलो.