दादाच्या कीबोर्डमधली खोट

दादा तोंडाच्या कॅन्सरनं गेला, त्याला चार महिने झाले होते. यवतमाळला त्याच्या घरी गेलो तर वहिनी म्हणाली, "भाऊजी, ह्यांचा कीबोर्ड पाहा बरं. कोनी हात नाही लावला तरी अक्षर उमटून राह्यलं."

खरंच, स्क्रीनवर एकच अक्षर ओळभर उमटत चाललं होतं. अंगावर काटा आला, आणि मग त्या काट्याचाच राग आला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही.

ह्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखालचा स्विच सुटा निघतो. त्या अक्षराच्या बटणाखालचा स्विच उपसून शेजारच्या बटणाखाली बसवला. आता शेजारचं अक्षर उमटायला लागलं. म्हणजे खोट स्विचमध्येच होती. त्याचं झाकण उघडलं. आत सुपारीचा चुरा आणि चुन्यात मळलेली तंबाखू चिकटून बसली होती. खर्रा! वहिनीच्या डोक्यावर हात ठेवून दादानं तो सोडला होता, आणि हा कीबोर्ड त्यानंतर घेतलेला. खोटारडा! स्विच भिंतीवर फेकावासा वाटला.

"काय निघालं?" वहिनीनं विचारलं.

"धूळ," मी ओठ जेमतेम हलवत म्हणालो. माझ्याही गालात खर्रा होता.