तांब्याचं पाणी
चिंचेनं तांबं घासल्याचा आंबट वास आला, की मला बदनापूरचं आमचं अंगण आठवतं. थोरल्या बहिणीला कावीळ झाली होती. तिचे हात थरथरायचे, अक्षर पार बिघडलं होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "पोरगी नाटक करून राह्यली." घरात उपाय एकच, तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी. भांडं घासायचं काम माझं. एका सकाळी तिच्या हातातला पेला हिंदकळला, पाणी ओट्यावर सांडलं. "न्हाई पीत मी, मळमळून राह्यलं," ती म्हणाली. "नाटक करू नको, जल्दी पी," म्हणत मी पेला तिच्या ओठांना लावला. माझ्याकडं बघत बघत ती सगळं प्यायली. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आता मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. यकृताच्या पेशीतलं एक प्रथिन ऊर्जा खर्चून जास्तीचं तांबं बाहेर टाकतं, ते बिघडलं तर तांबं यकृतात, मेंदूत साचत जातं, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही त्याचं भावंड सापडतं, असं दरवर्षी सांगते. माझ्या बहिणीचं ते प्रथिन जन्मापासूनच बिघडलेलं होतं, हे मात्र वर्गात सांगत नाही. आणि भांडं किती लख्ख घासायचे मी!