दीपस्तंभापलीकडचा ठिपका

डोंबिवलीत कसला आलाय समुद्र? आहे ती खाडी, आणि तिचाही वास नको म्हणून लोक खिडक्या लावून घेतात. पण सुहासिनीबाईंच्या चौदाव्या मजल्यावर समुद्र यायचा, तो त्यांच्या एकुलत्या एका स्वानंदमुळे. पोरगा मर्चंट नेव्हीत लागला, आईला करमेना, म्हणून त्यानेच गच्चीवर अँटेना उभी केली आणि संगणकाला पेनड्राइव्हएवढा रेडिओ जोडून दिला.

"आई, पूर्वी रेडिओच्या पेटीत भाग असायचे ना, त्यांचं काम आता प्रोग्राम करतो. बोटी आपलं नाव नि ठिकाण सारखं सांगत असतात. आपण फक्त ऐकायचं."

बाईंचा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेला, आणि तोंड फटकळ. "गच्चीवर कपडे वाळत घालायची सोय नाही आणि म्हणे समुद्र!" म्हणाल्या खऱ्या, पण स्वानंदची बोट न्हावाशेव्याहून सुटली की गॅस बंद करून पडद्यासमोर ठाण मांडायच्या. नकाशावर 'नीलमंजिरी' नावाचा हिरवा ठिपका बंदरातून निघे, दीपस्तंभ ओलांडे, आणि रेडिओच्या टप्प्याबाहेर गेला की थोड्या वेळाने पुसला जाई. तरी बाई त्या रिकाम्या पडद्यासमोरून उठत नसत. ते बघवेना म्हणून शेवटच्या खेपेला त्यांच्या यजमानांनी, आनंदरावांनी, प्रोग्राममध्ये बदल केला. सिग्नल थांबला तरी ठिपका शेवटच्या जागी तसाच राहावा म्हणून.

त्या सकाळी बाईंनी स्वानंदच्या हातावर दही घातलं. "येतो गं," म्हणून तो निघाला. पोचल्याचा फोन येईपर्यंत त्याच्या खोलीत केर काढायचा नाही, हा बाईंचा नेम. फोन आला तो कंपनीचा. ओमानच्या अलीकडे वादळात बोट बुडाली होती. काही जण सापडले, स्वानंद नाही.

आनंदराव मेले नाहीत एवढंच. आंघोळीची शुद्ध नाही, जेवणाची नाही, दिवसभर त्या ठिपक्यासमोर. कोणी समजवायला आलं की म्हणायचे, "दिसतोय ना? मग झालं!" दिवस करायचं नाव काढू देईनात. आता नवराही हातचा जातो की काय, या धास्तीने बाईंचा जीव अर्धा झाला. आपलं रडायलासुद्धा सवड मिळाली नाही बिचारीला. वर्ष होत आलं तेव्हा मात्र त्या कडाडल्या.

"अहो, खोटा आहे तो! तुम्हीच केलंय ते, तुम्हाला ठाऊक आहे. पोरगा गेला आपला. मला आता तुम्ही तरी हवे आहात. बंद करा ते!"

आनंदरावांनी ठिपक्यावरून एकदा बोट फिरवलं. मग "बरं" म्हणाले, प्रोग्राममधला तो बदल काढला आणि संगणक बंद केला. पुन्हा चालू केला तेव्हा हळूहळू ठिपके उमटले, ते दुसऱ्यांच्या बोटींचे. दीपस्तंभापलीकडे नुसता निळा रंग. आनंदराव उठले आणि निमूटपणे आंघोळीला गेले.

जिंकल्या की बाई! त्यांनी पदर खोचला, केरसुणी घेतली, स्वानंदच्या खोलीचं दार उघडलं. फरशीवर धुळीचा थर, पलंगाखाली त्याच्या सपाता. त्या वाकल्या, केरसुणी जमिनीला टेकली आणि हातातून गळून पडली.

हुंदका ऐकून आनंदराव ओल्या अंगानेच धावत आले. बाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"परत आणा हो तो ठिपका. खोटा तर खोटा. 'येतो' म्हणून गेलाय हो माझा पोरगा."