तंग आवळण्याआधी

मुलं तिला पाठीमागे 'चाबूकबाई' म्हणायची आणि तिला ते ठाऊक होतं. घोडेस्वारी शिकवताना तिचा आवाज मैदानापलीकडच्या रस्त्यावर जायचा. "टाचा खाली! नजर समोर! झोपलीस का?"

एके वर्षी एक नऊ-दहा वर्षांची पोर आली. आई गेल्यापासून तिचं बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. खोगिरावर बसवली की लाकडासारखी ताठ. चाबूकबाईनं गोड बोलून पाहिलं, खेकसून पाहिलं, पोर ढिम्म. शेवटी तिनं बापाला सुनावलं, "हिला रस नाही. उद्यापासून आणू नका."

शिकवणाऱ्याच्या चुका झाकायला हे वाक्य फार सोयीचं असतं.

बाप म्हणाला, "बाई, आठवड्यात ह्या एकाच ठिकाणी यायला ती स्वतःहून बूट घालते हो."

"उद्या एकदा बघते," चाबूकबाई पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःवरच चिडलेली होती. त्या तिरीमिरीत तिनं खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, एका दमात आवळला. घोडीनं नेहमीसारखं पोट फुगवून धरलं होतं. पोर वर बसली, घोडी दोन पावलं चालली, तिनं श्वास सोडला, तंग सैल पडला आणि खोगीर पोरीसकट कलंडलं. चाबूकबाईनं तिला वरच्या वर झेललं. पोर रडली नाही. नुसता श्वास कोंडून उभी.

तबेल्यापाशी पालथ्या बादलीवर ताई बसल्या होत्या. चाबूकबाईला स्वारी त्यांनीच शिकवली होती. आता गुडघे गेल्यामुळे त्या शिक्षकांवर नजर ठेवायच्या.

"काय गं, फुगलेल्या घोडीचा तंग असा आवळतात?"

"नाही ताई. ती श्वास सोडेपर्यंत थांबायचं."

"मग पोरीपाशी का नाही थांबत? तीही फुगूनच बसलीय की."

चाबूकबाईचे कान तापले. पोरीचा हात तिनं घोडीच्या पोटावर ठेवला. "हिनं श्वास सोडला की मला सांग. घाई नाही."

आणि गप्प राहिली. जीभ नुसती वळवळत होती, पण राहिली.

बऱ्याच वेळानं घोडीनं फुर्रर्र केलं. पोरीचे खांदेही खाली आले.

"आत्ता," ती म्हणाली.

तंग एक भोक वर गेला. पुन्हा थांबणं. पुन्हा "आत्ता". मग पोर आपणहून चढली, आणि घोडीच्या चालीबरोबर डुलत मैदानाला फेरी मारून आली. कुंपणापाशी बाप उभा होता; त्यानं डोळे पुसले, लपवलेही नाहीत.

निघताना पोरीनं विचारलं, "पुढच्या वेळी पण मीच सांगायचं ना?"

"तूच. तुझ्याशिवाय मी तंगाला हात लावणार नाही."

मग चाबूकबाई बादलीपाशी जाऊन ताईंच्या पायाशी बसली. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार त्या घोडीचे मान. आणि आधी मला हात दे, गुडघे आखडलेत."

तिनं हात दिला. आता ताईंसारखी तीही नव्या शिक्षकांवर नजर ठेवते, आणि पहिल्या दिवशी त्यांना हुकूम सोडायची शिट्टी देत नाही. घोडीच्या पोटावर हात ठेवून उभं करते. नाव मात्र चाबूकबाईच राहिलं. ते तिला आवडतं.